कैरीच्या फोडी अन् पांढऱ्या पेशी

परवा जळगावला आईनं लोणच्यासाठी कैऱ्या फोडून मीठ-हळद चोळून ठेवल्या, सकाळी बघतो तर फोडी आक्रसलेल्या अन् पातेल्यात वाटीभर पाणी सुटलेलं. भो, आपल्या पेशींचंही असंच, बाहेर मिठातलं सोडियम वाढलं की आतलं पाणी बाहेर. पण पेशी कैरीसारखी गप पडून राहत नाही ना, आत सिग्नलची साखळीच सुरू होते, पी३८ नावाचं एन्झाइम जागं होतं, मग एनएफएटी५, मग एसजीके१ ही प्रथिनं, अन् टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, टीएच१७ नावाच्या भडक प्रकाराकडे वळायला लागतात, म्हणजे सूज वाढवणाऱ्या. २०१३ ला नेचर या विज्ञानाच्या मासिकात आलं होतं हे, उंदरांना खारट खाणं दिल्यावर मज्जासंस्थेचा ऑटोइम्यून आजार, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो, बळावला.

मीठ नुसतं व्हिलनच असंही नाही हं. त्वचेत साठलेलं सोडियम मॅक्रोफेजला, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींना, जंतू मारायला मदतच करतं, हेही उंदरांतच दिसलंय.

डब्ल्यूएचओ म्हणते मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. आमच्याकडे ठेचा, उडदाचे पापड, शेवभाजी... मोजायचं कुठून? आईला सांगितलं तर म्हणे, "मीठ कमी टाकलं अन् बुरशी आली तर तुझ्या पेशी येतील का काढायला?"