चावीवाल्याला प्रेम परवडतं का?

"सगळं शहर अंधारात, प्यायला पाणी नाही, औषधं संपत आलीत आणि तुमच्या माणसांना प्रेम कुठून सुचतं?" मुंबईची वीज गेली आणि परत आलीच नाही, अशा कथा मी लिहिते. तेव्हापासून हा प्रश्न वाचक वरचेवर विचारतात. काहींना खरंच कुतूहल असतं, काहींना राग आलेला असतो. जगण्यामरण्याच्या गोष्टीत प्रेम कशाला घुसडलं, असं त्यांना वाटतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

12 ऑक्टोबर 2020 चा सोमवार मुंबईकरांना आठवत असेल. सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा पट्ट्यातल्या उच्चदाब वाहिन्या बंद पडल्या. बाहेरचं जाळं कोसळलं तर मुंबईने स्वतःला त्यापासून तोडून घ्यायचं आणि ट्रॉम्बे, डहाणू आणि घाटातल्या जलविद्युत केंद्रांच्या जोरावर चालत राहायचं, अशी व्यवस्था कित्येक वर्षांपासून आहे. त्या दिवशी ती टिकली नाही. लोकल जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. काही तासांत वीज हळूहळू परतली, म्हणून आपण तो दिवस विसरून गेलो. पण बंद पडलेलं औष्णिक केंद्र पुन्हा सुरू करायचं तर त्याचे पंप आणि पंखे चालवायला आधी बाहेरून वीज लागते. ती पहिली वीज खोपोली, भिवपुरी, भिरा अशा पाण्यावरच्या केंद्रांतून यावी लागते. माझ्या कथेत ती वाटही बंद झाली आहे. एवढीच माझी कल्पना, बाकी सगळी खरी मुंबई आहे.

खरी मुंबई म्हणजे पाणी. वैतरणा आणि तानसाचं पाणी बरंचसं उतारानेच शहरापर्यंत येतं. भातसाचं मात्र पिसे इथे पंपाने उचलावं लागतं, आणि शहराच्या पाण्यात भातसाचा वाटा जवळजवळ निम्मा आहे. म्हणजे वीज गेली की अर्धं पाणी तिथेच अडतं. उरलेलं अर्धं गल्लीपर्यंत आलं तरी खालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत चढत नाही. वरळीच्या बीडीडी चाळींतले काही जण 2025 मध्ये चाळीस मजली इमारतींत राहायला गेले. माझ्या कथेत त्यांना रोज खाली उतरून चाळीतल्या जुन्या शेजाऱ्यांच्या नळावर रांग लावावी लागते. जुन्या विहिरी आठवतात, पण त्यांतल्या कितीतरी हिवतापाच्या डासांपायी शंभरेक वर्षांपूर्वीच बुजवल्या गेल्या.

अशा शहरात सगळ्यात मोठा माणूस कोण? चावीवाला. पालिकेच्या पाणीखात्यातला हा माणूस लांब लोखंडी चावी घेऊन रस्त्यातल्या झाकणांखालचे व्हॉल्व्ह फिरवत जातो. कुठल्या गल्लीला किती वाजता आणि किती वेळ पाणी, हे त्याच्या हातावर चालतं. कुठली चावी किती आटे फिरवली की कुठला नळ सुटतो, हे नकाशापेक्षा त्याच्या मनगटाला जास्त ठाऊक असतं. आज आपण त्याच्याकडे बघतही नाही. वीज गेल्यावर त्याच्याशिवाय पान हलणार नाही. म्हणून माझा नायक चावीवाला आहे.

नायिका पालिकेच्या रुग्णालयातली नर्स आहे. फ्रीज बंद पडले तेव्हा तिने इन्सुलिनच्या बाटल्या माठात ठेवल्या, माठाला ओलं फडकं गुंडाळलं आणि तो वाऱ्याच्या खिडकीत मांडला. फ्रीजइतका गारवा मिळत नाही, पण काही आठवडे औषध हाताशी राहतं. फडकं ओलं ठेवायला पाणी लागतं. दोघांची ओळख तिथे होते.

यात मी काय घुसडलं, सांगा. प्रेमाशिवाय या दोन माणसांनी एकमेकांच्या गल्लीत पाऊल टाकलं नसतं. संकटात माणूस आपलं दार, आपला मजला, फार तर आपली चाळ सांभाळतो. पलीकडच्या गल्लीत म्हातारं कोण आहे, कुणाला मधुमेह आहे, हे कळायला तिकडे रोज जाणारं कुणीतरी लागतं. जीव जडलेला माणूस रोज जातो. त्याच्याबरोबर निरोप जातो, गोळ्या जातात, दुसऱ्या गल्लीतल्या लेकराला ताप आलाय ही बातमी जाते. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत संपल्या की शहराला एवढीच तार उरते.

अंधारात माणसं आपोआप जवळ येतात, ही मात्र भाबडी समजूत आहे. 9 नोव्हेंबर 1965 ला न्यूयॉर्क अंधारात बुडालं. नऊ महिन्यांनी तिथल्या वर्तमानपत्रांनी जन्म वाढल्याचं छापलं. पुढे 1970 मध्ये लोकसंख्येचे अभ्यासक जे. रिचर्ड उड्री यांनी आकडे तपासले तेव्हा तसं काहीच सापडलं नाही. उलट टांझानियातल्या झांझिबार बेटावर 2008 साली महिनाभर वीज नव्हती, आणि त्यानंतर जन्म खरोखर वाढल्याचं अभ्यासात दिसलं. एका रात्रीने काही होत नाही, महिन्याने होतं. माझी माणसंही पहिल्या रात्री प्रेमात पडत नाहीत. पहिल्या रात्री ती घाबरलेली असतात, आणि काळोख्या जिन्यात बाईला काय भीती वाटते हे मी पुसून टाकणार नाही. माझ्या कथेत पोरी दोघी-दोघींनीच खाली उतरतात.

चाळ टिकते कशी, याचं उत्तर मला मंडळांत सापडलं. गणपतीच्या वर्गणीची वही बघा. कुठल्या खोलीत कोण राहतं, कोण गावी गेलंय, कुणाची ऐपत किती, सगळं त्यात असतं. सर्व्हर बंद पडल्यावर शहराची शिरगणती या वह्यांत उरेल. गोविंदा पथकातल्या पोरांना कुणाचा खांदा किती वजन पेलतो हे आधीच माहीत असतं. चाळीस मजल्यांच्या जिन्यावर पाच-पाच मजल्यांना माणूस उभा करून हंडे वर चढवणं त्यांना सांगावं लागत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हा अनोळखी माणसांना घरात घेऊन कोरडे कपडे देणारी मुंबई आपण पाहिली. तो एका दिवसाचा चांगुलपणा होता. वर्षभराच्या चांगुलपणाला वही लागते, पाळी लागते, भांडण मिटवणारं कुणी लागतं.

आणि इथेच माझ्या दोघांची कोंडी होते. ज्याच्या हातात सगळ्यांचं पाणी, त्याचं प्रेम खाजगी राहत नाही. नर्सच्या गल्लीत नळ दहा मिनिटं जास्त चालतो, असं कुणीतरी बोलतं. चौकात बैठक बसते. मंडळातल्या एक मावशी स्पष्ट विचारतात, "बाळा, तुझा जीव तिकडे आहे, मग हात कुणीकडे वळतो?" काही वाचकांना ही बैठक क्रूर वाटली. मला ती न्यायाची वाटते. पाण्याचा हिशेब मागायचा हक्क तहानलेल्या प्रत्येकाला आहे. पण त्याच बैठकीत एक जण त्यांच्या भेटण्यावरच बंदी घाला म्हणतो, तेव्हा मी पूर्णपणे त्या दोघांच्या बाजूची आहे. या शहरात दोन माणसांना बसायला कधीच जागा मिळाली नाही. गॅलरीत सगळे बघतात, समुद्रावर पोलीस हटकतात. जगवण्याच्या नावाखाली उरलेला कोपराही काढून घेतला, तर ज्याला शक्य आहे तो माणूस चाळ सोडून जाईल, आणि चावी कुठे किती फिरवायची हे ज्ञान त्याच्याबरोबर जाईल.

पुढच्या भागात लग्न होतं का, हेही विचारता. होतं, पण त्याआधी चावीवाला स्वतःच एक अट घालतो. नर्सच्या गल्लीचे व्हॉल्व्ह यापुढे मावशींची नात फिरवेल, आणि आजपासून तो तिला शिकवायला घेईल. मंडळ वहीत तशी नोंद करतं. गच्चीची एक बाजू दोघांना आठवड्यातून एक संध्याकाळ मोकळी मिळावी, ही मागणी नर्स मांडते. त्यावर मावशी सांगतात, ही पाळी नुसती यांच्यासाठी नको, ज्याला हवी त्याने वहीत नाव लिहावं.