साउदॅम्प्टन ते हॅम्बुर्ग: दोन रात्रींचं राजेशाही जहाज

अटलांटिक ओलांडणाऱ्या जुन्या प्रवासी जहाजांचा थाट अनुभवायला आठवडाभराची रजा लागत नाही. ३४५ मीटर लांबीचं क्वीन मेरी २ हे जहाज इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनहून जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या छोट्या फेऱ्याही करतं.

भारतीय पासपोर्टवर ब्रिटन आणि शेंगेन (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक) असे दोन्ही व्हिसा लागतात. त्याच जहाजाने परत यायचं असेल तर ब्रिटनचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा.

सामानाला लावायच्या पट्ट्या घरीच छापून घ्या. बॅग बंदरावर दिली की केबिनपर्यंत यायला काही तास लागतात, म्हणून औषधं, कागदपत्रं आणि संध्याकाळचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. सहानंतर पोशाखाचे नियम लागू होतात. खास संध्याकाळी साडी किंवा बंदगळा अगदी शोभून दिसतो. दुपारचा चहा साधारण साडेतीनला असतो, पण जागा लवकर भरतात.

हॅम्बुर्गकडे जाताना घड्याळ एक तास पुढे करायला विसरू नका. मोबाइल 'फ्लाइट मोड'वर ठेवा. जहाजावरचं समुद्री नेटवर्क चुकून जोडलं गेलं तर बिल भयंकर येतं.

खरी गंमत एल्बे नदीत. हॅम्बुर्ग समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत आहे, त्यामुळे जहाज कित्येक तास नदीतून जातं. ही वेळ झोपेत घालवू नये. डेकवर जायचं, जाड जाकीट घालून.

शहरात नदीखालून जाणारा १९११चा जुना एल्बे बोगदा पायी पार करा. नंतर लांडुंग्सब्र्युकन धक्क्यावरून ६२ नंबरची फेरीबोट घ्या: शहर बसच्याच तिकिटात अख्खं बंदर दिसतं.