टॅक्स बिलावरची ती जादा ओळ

मॅसॅच्युसेट्समध्ये नवीन घर घेतलेल्या आपल्या मंडळींचा हा फोन मला ठरलेला असतो. वास्तुशांत उरकते, पाहुणे जातात, आणि पहिलं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल येतं. त्यात मूळ कराच्या खाली ‘सीपीए’ म्हणून एक वेगळी रक्कम लावलेली. “हे काय आहे? आणि यातून जुन्या चर्चच्या दुरुस्त्या करतात म्हणे, खरं का?” दुसरा प्रश्न विचारताना आवाज जरा चढतो. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीटच सांगते.

सीपीए म्हणजे कम्युनिटी प्रिझर्व्हेशन ॲक्ट: मोकळ्या जागा, जुन्या वास्तू आणि परवडणारी घरं यांसाठी गावाला जादा कर लावू देणारा कायदा. राज्याने तो २००० साली केला, पण लावायचा की नाही हे ज्या त्या गावावर सोडलं. राज्यात ३५१ गावं-शहरं आहेत. त्यांतल्या निम्म्याहून जास्त ठिकाणी लोकांनी मतदान करून हा कर स्वतःवर लावून घेतला. बॉस्टनने २००१ मध्ये नाही म्हटलं आणि २०१६ मध्ये हो. तेही १ टक्क्यालाच. केंब्रिजने मात्र २००१ मध्येच पूर्ण ३ टक्के स्वीकारले. ३ टक्के ही कायद्याची कमाल मर्यादा.

हे टक्के कराचे, घराच्या किमतीचे नव्हेत. इथे बरेच जण दचकतात. समजा, तुमच्या घराचं मूल्यांकन ८ लाख डॉलर आहे आणि गावाचा दर हजाराला १५ डॉलर. मूळ कर झाला १२,००० डॉलर. बहुतेक गावं सीपीए मोजताना घराच्या किमतीतले पहिले १ लाख सोडून देतात. म्हणजे ७ लाखांवरचा कर १०,५०० आणि त्याचे ३ टक्के ३१५ डॉलर. वर्षाचे. गावाने दीड टक्का ठेवला असेल तर त्याच्या निम्मे. यात राज्यही आपली भर घालतं आणि ती भर तुम्ही आधीच दिलेली आहे: घराचा व्यवहार पुरा झाला त्या दिवशी, क्लोजिंगच्या कागदांच्या गठ्ठ्यात दस्तनोंदणीची, म्हणजे रजिस्ट्रीची फी होती ना, तिच्यातल्या बहुतेक दस्तांमागच्या ५० डॉलरांतून हा निधी उभा राहतो. सुरुवातीच्या वर्षांत गावाने जमवलेल्या प्रत्येक डॉलरला राज्य एक डॉलर देत असे. पुढे वाटेकरी गावं वाढली आणि भर आटली.

पुण्याच्या मिळकतकराच्या बिलावरही वृक्ष करासारख्या ओळी असतात, त्या आपण कधी वाचल्या नाहीत. इथली ओळ मात्र वाचावी अशी आहे, कारण तिचा पैसा कुलूपबंद असतो. १९८० साली इथल्या मतदारांनी ठरवलं की गावाची एकूण करवसुली वर्षाला अडीच टक्क्यांपेक्षा जास्त वाढायची नाही. नव्या बांधकामाची भर आणि मतदारांनी खास मंजूर केलेली वाढ तेवढी वेगळी. त्या अडीच टक्क्यांत आधी शाळा येते, मग अग्निशमन दल, मग रस्ते आणि बर्फ उपसणं. विकायला निघालेलं शेत किंवा गळकं छप्पर असलेलं जुनं सभागृह यांचा नंबर कधी लागतच नाही. सीपीए त्या मर्यादेच्या बाहेर आहे. पण शाळेला कितीही गरज पडली तरी त्यातला एक डॉलर तिकडे वळवता येत नाही. रोजची देखभालही त्यातून चालत नाही: बागेसाठी जमीन घ्या, पण गवत कापायचा खर्च गावाने करायचा.

दरवर्षी किमान १० टक्के मोकळ्या जागांना, १० टक्के ऐतिहासिक वास्तूंना आणि १० टक्के परवडणाऱ्या घरांना द्यायचे, हे कायद्यात आहे. उरलेले साधारण ७० टक्के कुठे घालायचे ते गाव ठरवतं. खेळाची मैदानंही त्यात बसतात. (क्रिकेटची खेळपट्टी मागता येईल का, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. अर्ज करायला बंदी नाही.)

आता चर्च. जुनी चर्च म्हणजे गावातल्या सर्वांत जुन्या इमारतींपैकी, त्यामुळे त्यांचेही अर्ज येतात. ॲक्टन गावाने २०१६ मध्ये एका चर्चला इमारतीच्या आराखड्यासाठी आणि रंगीत काचांच्या खिडक्यांसाठी निधी मंजूर केला. त्या काचांवर येशू होता. गावातलेच काही करदाते कोर्टात गेले, कारण धर्मसंस्थांना सरकारी मदत देऊ नये असं राज्यघटनेतच आहे. २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने खिडक्यांचा निधी अडवला आणि आराखड्याचा प्रश्न खालच्या कोर्टाकडे परत पाठवला. चर्चला काहीच देता येणार नाही असं मात्र कोर्टाने म्हटलं नाही. हेतू काय, मदतीने धर्मकार्याला ठोस हातभार लागतो का, सरकार आणि धर्म एकमेकांत गुंततात का, हे प्रत्येक वेळी तपासायचं. मला हा निकाल शहाणपणाचा वाटतो. छप्पर वाचवणं वेगळं आणि येशूची काच वाचवणं वेगळं.

पण खरं सांगू? तुम्ही भलत्याच गोष्टीवर चिडताय. माझी तक्रार चर्चची नाही, तिसऱ्या वाट्याची, म्हणजे परवडणाऱ्या घरांची आहे.

शेतीची म्हणून कमी कर लागलेली जमीन बिल्डरला विकायला निघाली, की ती आधी त्याच भावात घ्यायचा हक्क गावाला मिळतो आणि त्यासाठी १२० दिवसांची मुदत असते. त्या दिवसांत आमच्याकडच्या उपनगरांत काय धावपळ उडते, बघण्यासारखी असते. सीपीएचा निधी काढा, वर्गणी जमवा, जमीन वाचवा! जमीन वाचते, पायवाट होते, मीही तिथे फिरते. पण त्या शेतावर होऊ शकली असती ती घरं होत नाहीत, आणि मनातून बऱ्याच जणांना तेच हवं असतं. उघड कोणी म्हणत नाही, इतकंच. घरांना मग तो सक्तीचा १० टक्क्यांचा तुकडा मिळतो, आणि काही वर्षं तोही खर्च न होता खात्यात पडून राहतो. केंब्रिज मात्र वर्षानुवर्षं ८० टक्के घरांनाच देत आलंय, म्हणजे कायदा आड येत नाही.

हे असं का होतं, तर बोलायला कोण येतं त्यावरून. जमिनीसाठी फिरायला जाणारे येतात, जुन्या इमारतीसाठी तिच्यावर जीव असलेले पाच-सहा आजोबा येतात आणि फार छान बोलतात. परवडणाऱ्या घरात जे राहायला येणार असतात, ते अजून गावात राहतच नसतात. शाळेतली मदतनीस, नर्सिंग होममधली आया रोज पाऊण तास गाडी चालवून कामाला येते; संध्याकाळी सातच्या बैठकीला ती कशी थांबणार?

आणि ती बैठकच महत्त्वाची. लोकांना वाटतं, सगळं वसंतातल्या टाउन मीटिंगमध्ये, म्हणजे गावातल्या मतदारांच्या सभेत, हात वर करून ठरतं. तिथे फक्त मंजूर, नामंजूर किंवा रकमेत कपात एवढंच करता येतं. वाढवता येत नाही, नवं कलम घुसवताही येत नाही. काय मांडायचं ते ५ ते ९ जणांची सीपीए समिती आधीच ठरवते. त्या समितीला वर्षातून एकदा तरी जाहीर सुनावणी घ्यावीच लागते आणि तिची नोटीस आधी लागते.

तुमच्यापैकी कितीतरी जण एच-वनवर किंवा ग्रीन कार्डावर आहेत. कर पूर्ण भरता, पण टाउन मीटिंगमध्ये मत नाही. सुनावणीला मात्र कोणी पासपोर्ट विचारत नाही. माइकसमोर नाव आणि पत्ता सांगायचा आणि बोलायचं. मी गेले त्या वेळी आपल्यापैकी तिथे आणखी एकच जण होता, तोही क्रिकेटसाठी.

राहिला तुमच्या शेजारच्या काकूंचा प्रश्न: त्यांना हा कर माफ होईल का? घर स्वतःच्या नावावर असेल, राहणंही त्यातच असेल आणि उत्पन्न कमी असेल, तर बऱ्याच गावांत सीपीए माफ होतो. साठीच्या पुढच्यांसाठी उत्पन्नाची अट आणखी सैल असते. पण तो आपोआप होत नाही आणि एकदा अर्ज केला की कायमचा मिटला असंही नाही. असेसरच्या, म्हणजे घरांचं मूल्यांकन करणाऱ्या अधिकाऱ्याच्या ऑफिसातून दरवर्षी फॉर्म आणून भरायचा. काकूंना सांगा, भरायला मी येते.