यादीत नसलेले नाव

आज कराटेच्या क्लासात सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या सरांनी, पिवळ्या पट्ट्याच्या परीक्षेला बसणाऱ्यांची नावे वाचून दाखवली आणि माझ्याकडे पाहून सहज म्हणाले, "काकू, तुम्ही व्यायामासाठी येता, तुम्हाला परीक्षेचा ताप कशाला?" बोलण्यात आदरच होता. तरी घरी येऊन मेथी निवडून झाली, तरी ते वाक्य काही मनातून जाईना.

खरे तर तक्रारीला जागाच नाही, कारण प्रवेशअर्जावर उद्देशाच्या रकान्यात 'व्यायाम' असे मीच लिहिले होते. साखरेचा रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी चालायला सांगितले होते; बागेतल्या फेऱ्यांचा कंटाळा आला, सुमाताईंच्या नातवाला क्लासला सोडायला गेले आणि तिथेच रमले. (ह्यांनी त्यावर केलेले विनोद इथे लिहीत नाही.) मग सूट मिळाल्याचे इतके का लागावे? ज्याच्याकडून कोणाची काही अपेक्षा उरलेली नसते त्यालाच अशी सूट मिळते, म्हणून असेल. आई शेवटी शेवटी स्वयंपाकघरात आली की आम्हीही तिला... असो.

हेआन शोदान या पहिल्या काताच्या, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या सरावाच्या, एकवीसही हालचाली मला पाठ आहेत. डावीकडे वळून गेदान बराई करताना, म्हणजे हाताने खालचा वार अडवताना, पुढचा गुडघा वाकवायचा, मागचा पाय ताठ ठेवायचा आणि टाच जमिनीवरून हलू द्यायची नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. माझी टाच उचलली जाते, मान्य. पण शेजारच्या सातवीतल्या मुलाचीही उचलली जाते आणि त्याचे नाव यादीत आहे.

शिवाय व्यायाम म्हणजे काही दुय्यम कारण नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी जपानच्या ओकिनावा बेटावरच्या शाळांमध्ये शारीरिक शिक्षण म्हणून कराटे शिरले, ते इतोसू आंको या तिथल्या कराटेगुरूंच्या खटपटीमुळे, आणि हे हेआन काता त्यांनीच बसवलेले. १९२२ साली ही विद्या टोकियोला नेणारे फुनाकोशी लहानपणी अशक्त होते आणि सरावानेच त्यांची प्रकृती सुधारली. त्यांना कोणी परीक्षेचा ताप चुकवा म्हटले असेल, असे वाटत नाही.

मघाशी टीपॉय सरकवून संपूर्ण काता करून पाहिला. किआई, म्हणजे वार करतानाची आरोळी, मनातल्या मनातच दिली, नाहीतर खालच्या मजल्यावरचे धावत वर आले असते. गुडघा मात्र मोठ्याने वाजला. उद्या सेन्सेईंना नाव घालायला सांगणार आहे. नापास झाले तर चारचौघांसारखी होईन. परीक्षेच्या फीमध्ये पट्ट्याचे पैसे धरलेले असतात की वेगळे द्यावे लागतात, तेवढे सुमाताईंना विचारून ठेवायला हवे.