उलट्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडताना: ह्यूएटचा माझा अनुभव

मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर ड्यूटी म्हणजे जुहूहून हेलिकॉप्टर आणि समुद्रावरून साधारण १६० किलोमीटरचा प्रवास. त्याआधी ह्यूएट करावंच लागतं. हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर बाहेर कसं पडायचं, त्याचं हे प्रशिक्षण. ऑपिटो या तेल-वायू उद्योगातल्या प्रशिक्षणाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र ४ वर्षं चालतं. केवळ सोपस्कार म्हणून याकडे बघणारे अजूनही भेटतात. २८ जून २०२२ रोजी मुंबई हायवरच्या सागर किरण या तेलविहीर खोदणाऱ्या रिगजवळ हेलिकॉप्टर समुद्रात पडलं आणि ९ जणांपैकी ४ जण गेले, हे त्यांनी विसरू नये.

हेलिकॉप्टरचं इंजिन आणि गिअरबॉक्स छतावर असतात. वजन वरच्या बाजूला, त्यामुळे पाण्यावर टेकल्यावर ते उलटण्याचा धोका मोठा. म्हणून प्रशिक्षणात पाण्याच्या टाकीत हेलिकॉप्टरच्या केबिनसारखा सांगाडा, आत आपण बसलेले असताना, आधी सरळ बुडवतात आणि नंतर पूर्ण उलटा करतात. सेफ्टी डायव्हर पाण्यात हजर असतात.

उलटं होताना क्रम असा ठेवायचा. हार्नेस म्हणजे सीटचे पट्टे घट्ट आवळायचे, ब्रेस पोझिशन म्हणजे धक्का सोसायची बैठक घ्यायची. एक हात खिडकीच्या चौकटीवर, दुसरा पट्ट्याच्या बकलवर. पाणी छातीपर्यंत आलं की श्वास भरून घ्यायचा. मग थांबायचं. सांगाडा फिरायचा पूर्ण थांबेपर्यंत काहीही करायचं नाही. हे थांबणं सगळ्यात कठीण जातं, आणि माझ्या मते या कोर्सचं सार तेच आहे. हालचाल थांबली की खिडकीच्या कोपऱ्यावर कोपराने किंवा तळव्याने जोर देऊन ती बाहेर ढकलायची, चौकट पक्की धरायची, मगच बकल सोडायचं आणि स्वतःला ओढत बाहेर यायचं.

चुका बहुतेक इथेच होतात. बकल आधी सोडलं तर शरीर तरंगायला लागतं. मग खिडकी ढकलली की आपणच मागे फेकले जातो. चौकटीवरचा हात सुटला तर उजवं-डावं कळेनासं होतं, कारण डोक्याखाली छत असतं आणि नाकात पाणी जात असतं. नाकातून थोडी थोडी हवा सोडत राहिलं तर पाणी कमी शिरतं. पट्टीचे पोहणारेही इथे गोंधळतात. पोहायला बेताचं येणारा माणूस चौकट न सोडता नीट बाहेर येतो.

लाइफ जॅकेट आत कधीच फुगवायचं नाही. फुगलेलं जॅकेट वर ढकलतं आणि उलट्या केबिनमध्ये वरच्या बाजूला फरशी असते. माणूस तिथेच अडकतो. दाबाखालच्या हवेचं श्वसन उपकरण वापरलं असेल तर वर येताना श्वास रोखायचा नाही. हवा प्रसरण पावते, फुप्फुसाला इजा होऊ शकते, अगदी उथळ पाण्यातही. सर्दीने कान-नाक चोंदलं असेल तर आधीच सांगावं.

बाहेर आल्यावर लाइफराफ्ट, म्हणजे फुगणारा तराफा, उलटा पडला तर त्याच्या गॅस सिलिंडरची बाजू वाऱ्याच्या दिशेने पुढे, म्हणजे वारा जातो त्या अंगाला घ्यायची, तिथे उभं राहून पट्टा ओढायचा. मग वाराच तो उचलायला मदत करतो.

खऱ्या उड्डाणात बसल्याबरोबर आपली खिडकी हाताने चाचपून बघावी. काही ठिकाणी आधी खिडकीच्या कडेची पट्टी ओढायची असते, काही ठिकाणी थेट कोपरा दाबायचा असतो. आपल्या खिडकीला काय लागतं ते रोटर सुरू व्हायच्या आत माहीत हवं.