घायपाताला तुरा आला

होळीनंतर चार दिवसांनी दिसलं, फाटकाजवळच्या घायपाताच्या मधून पोटरीएवढा जाड कोंब वर येतोय. भिंतीवर खडूने रेघ मारली. दुसऱ्या दिवशी कोंब रेघेच्या चार बोटं वर! म्हणजे तुराच, आणि म्हणजे झाड आता जाणार. घायपात एकदाच फुलतं. पानांत वर्षानुवर्षं साठवलेलं सगळं त्या दांड्याला देतं आणि वाळून जातं.

२००९ साली माहेरच्या बांधावरून, माण तालुक्यातून, मी घायपाताची दोन पिल्लं, म्हणजे बुडाशी फुटलेली रोपं, आणली होती. (सासरी नगरकडे याला केकताड म्हणतात.) पहिलं माझ्याच हातून गेलं. गुलाबाला करतात तसा खड्डा केला, शेणखत घातलं, काळी माती, रोज झारीने पाणी. जुलैत बुडखा मऊ पडला आणि धरून पाहिलं तर मधला कोंबच हातात आला. तो वास आला आणि मला एकदम ओढा आठवला. बेंदराच्या आधी आजोबा घायपाताची पानं ओढ्यात दगडाखाली कुजत घालायचे, मग बडवून, धुऊन वाख काढायचे आणि बैलांसाठी नवे कासरे वळायचे. तोच वास, पुण्यात माझ्या अंगणात.

दुसऱ्याला वीतभर उंच ढिगावर लावलं. खाली विटांचे तुकडे, वर दोन घमेली मुरमाला एक घमेलं माती. दिवसभर ऊन. पाणी फक्त उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा, तेही पहिली दोन वर्षं. खत कधीच नाही. खालची वाळकी पानं तेवढी काढायची, पण हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालूनच. चीक लागला की कातडी दोन दिवस चुरचुरते. नातवंडं यायची असली की मी पानांच्या टोकांचे काटे कापून ठेवते.

याची पानं कधी जवळून बघा. मधला कोंब घट्ट मिटलेला असताना एका पानाचे काटे दुसऱ्यावर दाबले जातात. पान उघडलं की राखाडी-निळ्या पाठीवर शेजाऱ्याच्या दातांची नक्षी तशीच उमटलेली असते. प्रत्येक पानावर वेगळी. चहाचा कप घेऊन मी कितीदा तिथे उभी राहिलेय.

आता दांडा गच्चीच्या कठड्यावर गेलाय. वरच्या फांद्यांवर पिवळे झुबके उमलताहेत, सकाळी मधमाश्यांची गर्दी असते. खालची पानं मात्र सुरकुतू लागलीत.

बुडाशी सात पिल्लं आहेत. दोन काढून सावलीत ठेवलीत. आठवडाभरात काप सुकला की कुंडीत. भावाने तारेचं कुंपण घातलं तेव्हा बांधावरची सगळी घायपातं काढून टाकली. त्याला कालच फोन करून सांगितलं, ओढ्याकडच्या कोपऱ्यात एक जागा मोकळी ठेव, पावसाच्या आत घेऊन येते.