कानाआधी दंड तपासला

मिरजेतल्या आमच्या कान-नाक-घसा ओपीडीत त्या दिवशी जत तालुक्यातून एक पहिलटकरीण आली होती. आठवा महिना सुरू झालेला, सोबत सासूबाई. तक्रार एकच, आठवडाभर दोन्ही कान वाजतात. "रातकिडं वरडल्यागत वाजतंय म्याडम, रात्री तर लईच," ती म्हणाली. सासूबाईंनी लसूण घालून कढवलेलं तेल दोन्ही कानांत सोडलं होतं. मळ असेल, काढून टाका, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

गरोदर बाईचा कान वाजत असेल तर मी आधी आवाजाचा ताल विचारते. तिला स्वतःचीच नाडी धरायला लावायची आणि आवाज नाडीबरोबर ठोके देतो का ते सांगायला लावायचं. गरोदरपणात शरीरातलं रक्त साधारण ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, त्यात पाण्याचा भाग जास्त. हिमोग्लोबिन आधीच कमी असेल तर हे पातळ रक्त कानाजवळच्या शिरांतून जोरात वाहतं आणि धकधक ऐकू येते. तो आवाज मानेच्या त्याच बाजूला बोटानं हलकं दाबल्यावर थांबला, तर तो शिरेतल्या प्रवाहाचा असण्याची शक्यता जास्त. हिचा आवाज मात्र एकसुरी होता, नाडीशी त्याचा संबंध नव्हता. स्वतःचा श्वास आणि बोलणं कानात घुमतं का, आडवं झालं की बरं वाटतं का, हेही विचारलं. तसं असतं तर कान आणि घसा जोडणारी नळी उघडी राहत असल्याचा संशय आला असता. तेही नव्हतं.

बोलताना ती सारखं कपाळ दाबत होती. हिरव्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. पाय सुजणं या दिवसांत नेहमीचं, पण हात आणि चेहरा सुजला की मला थांबावंसं वाटतं. दुर्बीण बाजूला ठेवून बीपीचं मशीन घेतलं.

इथे घाई केली की आकडा फसवतो. पेशंट एसटीतून उतरून, जिना चढून आलेली असते. पाच मिनिटं पाठ टेकवून बसवायचं, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत, पट्टा ब्लाउजच्या बाहीवर नाही तर उघड्या दंडावर, आणि मोजताना बोलायचं नाही. दंड जाड असेल तर मोठा पट्टा हवा, कारण लहान पट्टा बीपी वाढवून दाखवतो. १५२/९८ आलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा घेतलं, १५०/९६. वीस आठवड्यांनंतर १४०/९० किंवा त्यापुढे बीपी गेलं की प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून लघवीतून प्रथिनं जाणं किंवा यकृतासारख्या अवयवांना त्रास होणं, नाही ना, हे बघावंच लागतं. पक्क्या निदानासाठी चार तासांच्या अंतरानं दुसरं मोजमाप घेतात, पण ते चार तास प्रसूती विभागात काढायचे, आमच्या बाकावर नाहीत.

कानात डोकावले तेव्हा मळ खरंच होता, तेलात भिजून फुगलेला. अशा वेळी मळ काढून, "झालं काम" म्हणून घरी पाठवणं फार सोपं असतं, आणि मला सगळ्यात भीती त्याचीच वाटते. कानात सापडलेलं कारण खरं असलं तरी तेवढंच एक कारण असेल असं नसतं. मळ तसाच ठेवला, श्रवणचाचणीची केबिनही टाळली आणि चाकाच्या खुर्चीतून तिला प्रसूती विभागात पाठवलं. तिथे लघवीच्या पट्टीवर प्रथिनं २+ निघाली. बीपी पुढेही चढंच राहिलं, म्हणून तिला दाखल करून लॅबेटॅलॉल हे बीपी उतरवणारं औषध सुरू केलं, रक्तातल्या प्लेटलेट आणि यकृताच्या तपासण्या केल्या. त्या ठीक आल्या, डोकेदुखीही उतरली.

सासूबाई घाबरल्या होत्या. "तेलानं झालं का वो म्याडम?" तेलानं बीपी वाढत नाही, हे त्यांना नीट सांगितलं. पण पडद्याला भोक असेल तर तेल आत जाऊन कान पिकतो आणि लसणानं कातडी भाजते, म्हणून पुन्हा घालायचं नाही, हेही सांगितलं.

बीपी आटोक्यात आल्यावर मळ काढला आणि ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणी, केला. २५० ते ८००० हर्ट्झपर्यंत ऐकणं २५ डेसिबलच्या आत, म्हणजे चांगलं. आवाज बराच कमी झाला होता. जो उरला त्यासाठी रात्री पंखा चालू ठेवायचा, पूर्ण शांत खोलीत झोपायचं नाही. ३७ आठवड्यांना प्रसूती झाली, बाळ-बाळंतीण बरे आहेत.

त्याच दिवशीच्या दुसऱ्या एका गरोदर पेशंटचा आवाज मात्र नाडीच्या तालावर होता. हिमोग्लोबिन ७.८. ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. ६० मिलिग्रॅम लोहाची सरकारी गोळी ती घेत होती, पण चहासोबत, आणि कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी. दोन्हीमुळे लोह अंगी लागत नाही. दोन गोळ्यांत किमान दोन तास ठेवायचे आणि लोहाच्या गोळीच्या आगेमागे चहा टाळायचा, हे समजावून, डोस वाढवण्यासाठी तिलाही प्रसूती विभागात पाठवलं.

एकाच कानाला अचानक कमी ऐकू येऊन तो वाजू लागला तर मात्र बाळंतपण होईपर्यंत थांबू नये, त्याच दिवशी कान दाखवावा. उशीर झाला तर गेलेलं ऐकणं परत येण्याची शक्यता घटते. आणि बीपी बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यातही उसळू शकतं. म्हणून जतच्या त्या मुलीला घरी सोडताना उपकेंद्रात बीपी मोजण्याचे दिवस कागदावर लिहून दिले. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे काजवे आले, बरगडीखाली पोटात दुखलं किंवा कान पुन्हा वाजू लागले, तर त्या दिवसांची वाट न बघता १०८ ला फोन करायचा, हे सासूबाईंकडून पुन्हा म्हणवून घेतलं.